चढावर ठरवू

सॉमिल क्रीक, कोलोरॅडो
४ ऑगस्ट २०१९

प्रिय ओरिन,

तुझं पत्र मिळालं. सहा पानं! त्यातली साडेपाच नव्या गाडीवर आणि अर्धं पान तुझ्या एकुलत्या एका बहिणीवर, तेही मी घर कधी विकते आहे एवढंच विचारायला. तीस वर्षं ब्यूमाँटच्या लोकांचे दात उपटलेस, हौस फिटली नाही वाटतं. आता मला इथून उपटायला निघालास.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. कानातलं यंत्र घालून फोन धरला की नुसती शिट्टी वाजते. तुझा आवाज म्हणजे शिट्टीच असं मला वाटू लागण्याआधी पत्रच बरं.

तर तुझी गाडी. काळी, चकचकीत, आतून चामड्याची, बसायची जागा गरम करायची सोय. ब्यूमाँटमध्ये, बाबा रे, जिथे डिसेंबरातही घाम येतो! आणि सहा लिटरहून मोठं आठ सिलिंडरी इंजिन. ते घेऊन तू जातोस कुठे? किराणा आणायला आणि चर्चला. माझी पिकअप पावणेतीन लिटरची आहे, हे वाचून तू हसशील. हस. पण तिच्यात टर्बो आहे आणि ती गेल्या आठवड्यात दोन घोडे ओढून खिंडीपार गेली. एकदाही कुरकुरली नाही.

डेन्व्हरचा तो माणूस परत येऊन गेला. त्याला हे घर, कुरण, ओढा, सगळं हवं आहे. मी त्याला कॉफी पाजली आणि नाही म्हणून सांगितलं. तुलाही तेच सांगते. कॉफी मात्र इथे आलास तरच मिळेल.

तुझी,
नेवा

•

ब्यूमाँट, टेक्सस
१३ ऑगस्ट २०१९

प्रिय नेवा,

पावणेतीन लिटर! अगं, एवढं तर आमच्या शेजारणीच्या फ्रीजमध्ये दूध असतं.

तू हिणवलंस म्हणून सांगतो. माझ्या गाडीची ताकद चारशे अश्वशक्तीच्या वर आहे, आणि ती पहिल्या क्षणापासून हातात येते. पाय ठेवला की गाडी निघाली. तुझ्या टर्बोचं तसं नाही. आधी तो विचार करणार, मग फुंकणार, मग कुठे चाकं फिरणार. छोट्या इंजिनाला फुंकर घालून मोठं केलं म्हणून ते मोठं होत नाही. इंजिनात जागा लागते, नेवा. जागेला पर्याय नाही.

आणि चामड्यावरून टोमणे मारू नकोस. या वयात पाठीला जरा मऊ लागलं तर बिघडलं कुठे?

आता घराचं. तू एकाहत्तर वर्षांची आहेस. रेसारखा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पाच महिने बर्फ, जवळचं घर दीड मैलावर, आणि लाकडं तू स्वतः फोडतेस. मी काही तुझा शत्रू नाही. इथे तीन खोल्या रिकाम्या आहेत. गेली दोन वर्षं मी हे लिहितो आहे आणि तू दर वेळी कोंबड्यांचं काहीतरी सांगून विषय बदलतेस.

म्हणून आता बाबांच्या पद्धतीने होऊन जाऊ दे. आपल्या घरात वाद मिटला नाही की ते काय म्हणायचे? ‘चढावर ठरवू.’ तीच ट्रॉली, तेवढंच गवत, रस्त्यातल्या गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपासून खाणीच्या फाटकापर्यंत. जो कमी वेळात पोचेल त्याचं खरं. कुंपण कुठे घालायचं इथपासून ते मी दंतवैद्य व्हायचं की नाही इथपर्यंत सगळं त्या चढावर ठरलं. मी जिंकलो तर तू घर विकून इथे यायचं. तू जिंकलीस तर ‘घर विक’ हे शब्द मी परत उच्चारणार नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कामगार दिनाची सुट्टी आहे, तेव्हा मी गाडी घेऊन येतो. की शेपूट घालतेस?

तुझा भाऊ,
ओरिन

•

सॉमिल क्रीक
२० ऑगस्ट २०१९

प्रिय ओरिन,

शेपूट? मी? ये तर खरा!

पण आधी दोन गोष्टी समजून घे, नंतर रडायचं नाही. ब्यूमाँट समुद्राच्या पातळीवर आहे. आमचं अंगण नऊ हजार फुटांवर आणि खाणीचं फाटक अकरा हजारांवर. इथली हवा विरळ. तुझ्या इंजिनात जागा खूप असेल, पण त्या जागेत भरायला हवाच नसेल तर तिचं काय करणार? दर हजार फुटांना तुझी थोडी थोडी ताकद गळत जाणार. माझा टर्बो आहे तेवढी हवा दाबून आत भरतो, त्याला डोंगर कळतच नाही. तू चारशे घेऊन निघशील आणि वर पोचेपर्यंत तीनशेसुद्धा उरणार नाहीत. हे मी आधीच सांगते आहे, कारण मी प्रामाणिक बाई आहे.

नियम बाबांचेच. गवताच्या चाळीस गाठी. ट्रॉली एकच, म्हणून एकामागून एक जायचं आणि वेळ युसेबियो आर्चुलेटा मोजणार. तुला तो आठवत असेल, दीड मैलावरचा शेजारी, मेंढ्यावाला. त्याचं घड्याळ आणि त्याचं तोंड, दोन्ही सरळ चालतात. मधे थांबलं तर हरलं. एखाद्याच्या गाडीत काही बिघाड वाटला तर त्याने तिथेच हॉर्न वाजवायचा, मग फेरी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. हा नियम तुला आठवतो ना? तू सोळा वर्षांचा असताना तीनदा वाजवला होतास आणि तिन्ही वेळा बिघाड नव्हता.

अट मान्य. हरले तर येईन. मी शब्द फिरवत नाही.

जाड कोट आण.

नेवा

•

ब्यूमाँट
९ सप्टेंबर २०१९

प्रिय नेवा,

घरी सुखरूप पोचलो. दोन दिवस लागले, पण मला ते वाऱ्यासारखे गेले, कारण सबंध रस्ताभर मी हसत होतो. माफ कर. शहात्तराव्या वर्षी माणसाला असे दिवस किती मिळतात?

अकरा मिनिटं बावन्न सेकंद! आणि तू बारा मिनिटं दहा! अठरा सेकंदांनी! युसेबियोने घड्याळ दोनदा पाहिलं, कानाशी लावून पाहिलं. मला वाटतं त्याला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

हवेचं तू म्हणालीस ते खोटं नव्हतं, हे मान्य करतो. दुसऱ्या वळणानंतर माझी गाडी बरीच थकली. पाय अगदी खालपर्यंत दाबला तरी मन नाही तिचं. तेव्हा मला वाटलं, गेलो आपण. पण तुझी त्याहून थकलेली निघाली. बघ, शेवटी जागाच कामाला आली.

आणि मी काही दुष्टाव्याने जिंकलो नाही हं. शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझी पिकअप घेऊन गावात कोंबड्यांचं खाद्य आणायला गेलो होतो, आठवतं? टाकी जवळजवळ रिकामी होती. येताना मी ती काठोकाठ भरून आणली. प्रतिस्पर्ध्याची टाकी कोण भरतं? तुझा भाऊ भरतो.

तू हरल्यावर नुसता हात मिळवलास, बाबा मिळवायचे तसा, आणि आत जाऊन सूप गरम केलंस. मी सबंध रस्ता हसलो असं वर लिहिलं खरं, पण त्या सुपाची आठवण झाली की थोडा वेळ हसू थांबायचं.

पूर्वेकडची खोली तुझ्यासाठी रंगवायला घेतली आहे. रंग कोणता हवा ते कळव.

ओरिन

•

सॉमिल क्रीक
१८ सप्टेंबर २०१९

प्रिय ओरिन,

रंग पांढरा दे. मला रंगांचं कळत नाही.

डेन्व्हरच्या माणसाला कळवलं आहे. तो १२ ऑक्टोबरला येतो, त्या दिवशी सह्या होतील. फार खूश झाला. ओढ्यावर पूल बांधणार म्हणे. ज्या ओढ्यात पाय बुडवून पलीकडे जाता येतं त्यावर पूल! पण आता ओढा त्याचा.

घोडे युसेबियो घेतो आहे. कोंबड्याही त्याच्याकडेच जातील. त्याने पैसे विचारले तर मी त्याला घरातून हाकलून दिलं. गवत तर त्याचंच आहे असं समज, चाळीस गाठी अजून ट्रॉलीतच आहेत, उतरवायला हात होत नाहीत.

रेच्या कबरीवर गेले होते. अस्पेनची पानं पिवळी व्हायला लागली आहेत तिथे. त्याला सांगितलं सगळं. तो जिवंत असतानाही फारसं उत्तर द्यायचा नाही, त्यामुळे मला वेगळं वाटलं नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते, पिकअपला काही झालेलं नाही. उत्तम चालते आहे. काल दळलेलं धान्य घेऊन खिंडीपार जाऊन आले.

त्या खोलीला खिडकी आहे का? कुठे उघडते?

नेवा

•

ब्यूमाँट
२५ सप्टेंबर २०१९

प्रिय नेवा,

खिडकी आहे. शेजाऱ्याच्या गॅरेजकडे उघडते, पण मधे एक मॅग्नोलिया आहे. बरं झाड आहे.

इथे पाऊस चालू आहे. सोमवारी केस कापायला गेलो होतो. तिथे लोक भेटले. गप्पा झाल्या.

एक सुचलं म्हणून लिहितो. सह्यांची एवढी घाई कशाला? तो डेन्व्हरवाला महिनाभर थांबला तर काय मरणार आहे का? घर काही पळून जात नाही. तू नीट विचार कर. मी काही मानगुटीवर बसलेलो नाही.

रंग अजून दिलेला नाही. रंगारी आजारी आहे.

ओरिन

•

ब्यूमाँट
२९ सप्टेंबर २०१९

प्रिय नेवा,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. रंगारी आजारी नाही. रंगारीच नाही. खोली मीच रंगवत होतो आणि सोमवारपासून ब्रश खाली ठेवला आहे. त्या दिवशी न्हाव्याकडे काय झालं ते मागच्या पत्रात लिहायचं धैर्य झालं नाही.

मी खुर्चीत बसून आपल्या शर्यतीची बढाई मारत होतो. अकरा बावन्न, अठरा सेकंद, तुझी टाकी मी भरून आणली तेही. शेजारच्या खुर्चीत ड्वेन कोब होता, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, त्यातली सहा वर्षं तुमच्याकडच्या डोंगरात. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘डॉक्टर, काहीतरी चुकतंय. अकरा हजार फुटांवर त्या टर्बोने तुमच्या गाडीला धूळ चारायला हवी होती. तुम्ही बहिणीच्या गाडीला पाजलं काय?’

मी म्हणालो, ‘पाजलं काय म्हणजे? साधं पेट्रोल. डावीकडचं बटण.’

नेवा, तो हसला नाही. त्याने कपाळाला हात लावला. मग त्याने समजावलं. आमच्या पंपावर डावीकडचं बटण म्हणजे सत्त्याऐंशी ऑक्टेनचं पेट्रोल; आकडा जितका मोठा तितका ते दाब जास्त सोसतं. तुमच्याकडे डावीकडचं म्हणजे पंच्याऐंशी. विरळ हवेत साध्या इंजिनाला ते चालून जातं, म्हणून ते तिथे ठेवतात. पण टर्बो हवा दाबून भरतो, त्याच्या आत डोंगर नसतोच, समुद्रकिनारा असतो. त्याला पंच्याऐंशी चालत नाही. इंजिन आत टकटक करायला लागतं आणि मग स्वतःला वाचवायला आपणच आपली ताकद कमी करतं. मी पंपावर आकडा वाचलाच नाही. चाळीस वर्षं डावीकडचं बटण दाबतो आहे, तिथेही दाबलं.

म्हणजे मी जिंकलो नाही. मी आदल्या दिवशी तुझ्या गाडीत खोट घालून आलो आणि वर त्याचे उपकार पत्रात लिहिले. देवाशपथ सांगतो, मुद्दाम नाही केलं. पण सोमवारी कळलं आणि बुधवारी मी तुला मॅग्नोलियाबद्दल लिहिलं, ते मात्र मुद्दाम केलं.

का केलं तेही लिहून टाकतो. तुझ्या बर्फाची आणि लाकडांची मला काळजी आहे, नाही असं नाही. पण खरं कारण ते नव्हे. माझी जेनेट गेल्यापासून, घरात बायको नाही म्हटल्यावर, हे घर मला खायला उठतं. मी ओट्याशी उभा राहून जेवतो. लेकीचा पोर्टलंडहून रविवारी फोन येतो, पाच मिनिटं. ती गाडी घेतली ती त्या दुकानातला पोरगा माझ्याशी दोन तास बोलत बसला म्हणून. तू येशील म्हटल्यावर मी पंधरा दिवस नीट झोपलो. म्हणून ड्वेनचं ऐकूनही सहा दिवस गप्प बसलो. मला फार लाज वाटते.

सह्या करू नकोस. शर्यत रद्द. मी हरलो असं समज आणि तो विषय मी परत काढणार नाही.

ओरिन

•

सॉमिल क्रीक
५ ऑक्टोबर २०१९

प्रिय ओरिन,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. आधी मॅग्नोलियाचं उघडलं आणि म्हटलं, याचं काहीतरी बिनसलंय. मग दुसरं उघडलं. वाचून झाल्यावर बाहेर जाऊन ट्रॉलीतल्या गाठींवर बसले आणि खूप हसले. युसेबियोला वाटलं मला झटका आला.

वेड्या, मला पहिल्याच वळणावर कळलं होतं! कानांनी नाही, माझे कान तुला माहीत आहेत. हातांनी. स्टिअरिंगमध्ये टकटक आली आणि पाठोपाठ गाडीचा जोर गेला. चार वर्षं ती गाडी चालवते आहे, दर वेळी मधलं बटण दाबते. रिकामी टाकी आदल्या दिवशी तू भरून आणली होतीस. जाड भिंगाचा चष्मा असलेला टेक्ससचा माणूस कोणतं बटण दाबेल हे कळायला काय डोकं लागतं? उरलेलं ते पेट्रोल मी तू गेल्यावर जुन्या गवतकापणीच्या यंत्रात संपवलं.

मग हॉर्न का नाही वाजवला, असं विचारशील. हात ठेवला होता त्यावर. दुसऱ्या वळणापर्यंत तसाच ठेवला होता.

आता माझं ऐक, आणि हे मी रेच्या कबरीशिवाय कुठे बोललेले नाही. फेब्रुवारीत मी लाकडांच्या ढिगापाशी घसरले. पाय मोडला नाही, पण उठताच येईना. भरदुपारी, लख्ख ऊन, आणि मी पाठीवर पडून आभाळ बघते आहे. दोन तास. ओरडून उपयोग नव्हता, ऐकणार कोण? शेवटी कोपरांवर सरकत सरकत पायरीपर्यंत आले. त्यानंतर तुला जे पत्र लिहिलं त्यात कोंबड्यांनी अंडी कमी दिल्याचं लिहिलं होतं. त्या दिवसापासून मी लाकडं आणायला जाताना भिते. मी! बाबांसमोर कधी भ्यायले नाही, आणि बर्फाला भिते.

‘ओरिन, मला भीती वाटते, मी येऊ का’ हे मला लिहिता आलं नाही. सहा महिने प्रयत्न केला. मग तू शर्यतीचं काढलंस. चढावर हरून येण्यात कमीपणा नसतो, आपल्या घरात तर नाहीच. म्हणून हात हॉर्नवर ठेवला आणि दाबला नाही. वाईट वाटलं ते हरल्याचं नाही. असं फसवून हरावं लागलं याचं वाटलं, आणि हे घर जाणार याचं.

डेन्व्हरच्या माणसाला काल फोन करवला, युसेबियोकडून. सह्या नाहीत. घर मी विकत नाही. हा निर्णय माझा, त्याला चढ लागत नाही. युसेबियोची नात हिवाळ्यात इथे राहील, तिला लग्नानंतर जागा हवीच होती. मेमध्ये बर्फ वितळलं की घर परत माझं.

राहिला हिवाळा. आता तुला तुझं खरं माहीत आहे आणि माझंही. पण ओरिन, तू मला दोन वर्षं ‘घर विक’ म्हणून लिहितो आहेस. ‘तीन खोल्या रिकाम्या आहेत’ म्हणून लिहितो आहेस. माझं वय लिहितोस, बर्फ लिहितोस, अश्वशक्ती लिहितोस. ‘ये’ असं एकदाही लिहिलेलं नाहीस. मी सगळी पत्रं काढून पाहिली. शेवटच्या पत्रातसुद्धा नाही.

तर एकदा नीट विचार. इंजिन नको, डोंगर नको, माझी काळजी नको. सामान भरून ठेवलं आहे, टाकी मधल्या बटणाने भरली आहे. उत्तर काय असेल ते तुला कळलं असेलच. पण विचारल्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही.

तुझी,
नेवा

•

ब्यूमाँट
१० ऑक्टोबर २०१९

प्रिय नेवा,

चार कागद फाडले. पहिल्यात खोली आली, दुसऱ्यात हवामान आलं, तिसऱ्या-चौथ्यात गाडी आलीच. हा पाचवा.

मला इथे एकट्याने राहवत नाही. तू येशील का?

ओरिन